अन्न टाकलेले किडे

माझ्या नाकावर राग असतो हे मला सांगायचं आता कुणाचं राहिलेलं नाही, सगळ्यांचं सांगून झालंय. आमचे पूर्वज म्हणे मैसूरच्या जुन्या फौजेत घोडेस्वार होते. घोडे गेले, तलवारी गेल्या, भांडायची खुमखुमी तेवढी उतरत उतरत चामराजपुरमच्या आमच्या तीन खोल्यांपर्यंत आली. जन्मभर मी एका सरकारी कचेरीत फायली सांभाळल्या, तिथेही साहेबापासून शिपायापर्यंत सगळे माझ्याशी जरा जपूनच बोलायचे. दुसरी खोड चौकशीची. मुंग्या साखर सोडून साबणाच्या वडीकडे का निघाल्यात हे बघत मी उभी राहिले, की दूध उतू गेलंच म्हणून समजा. नवरा म्हणतो, तुझं नाक अर्धं राग ठेवायला आहे आणि अर्धं खुपसायला.

धाकट्या बहिणीशी मी तीन वर्षं बोलत नव्हते. कारण सांगायला आता लाज वाटते. आईच्या श्राद्धाला पंगत बसलेली असताना ती चार लोकांत म्हणाली, "अक्का, तू बस गं, तुला हे जमायचं नाही, तू आपल्या फायलीच बघ." हसत म्हणाली. पंगतही हसली. मी हातातलं भांडं तिथेच ठेवून घरी निघून आले, आणि पुढे तिचा फोन आला की नवऱ्याच्या हातात द्यायला लागले. तो बिचारा दोन्हीकडचे निरोप पोचवून कंटाळून गेला.

गेल्या ऑगस्टमध्ये तिचा फोन आला तेव्हा नवरा नेमका अंघोळीला गेला होता. मलाच घ्यावा लागला. ती शेडमध्ये घसरून पडली होती, उजवं मनगट मोडलं होतं. ती राहते हुणसूरच्या अलीकडे, मळ्यातल्या घरात. तिचा नवरा नंजनगूडच्या एका कारखान्यात कामाला, रविवार तेवढा घरी. घरामागे तुती आणि पत्र्याची शेड, शेडमध्ये रेशीमकिडे. आमच्याकडे त्यांना रेशीमकिडे कुणी म्हणत नाही, कन्नडातलं 'हुळू' म्हणतात. तर हुळू चौथ्या झोपेतून उठायच्या बेतात होते आणि त्यांना पाला घालायला घरात एकच धड हात उरला होता, तोही डावा. "अक्का, येशील का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "येते." एवढ्यावर तीन वर्षांचा अबोला मिटला आणि दुपारच्या बसनं मी निघाले.

तिला दवाखान्यात नेलं होतं ते बांधापलीकडच्या अण्णांनी. सत्तरीचे, एकटे, मुलं बेंगळूरला. त्या भागात सगळे लावतात तशी तेही तंबाखू लावतात. दोन्ही शेतांच्या मधे बांध आहे, कुंपण नाही. लाइट गेली की अण्णा बॅटरी घेऊन डोकावणार, त्यांचा गुडघा धरला की इकडून जेवणाचा डबा जाणार. आठवडाभर एकट्या राहणाऱ्या माझ्या बहिणीला हाक मारायला तेवढंच एक माणूस होतं. तिला प्लास्टर घातल्यापासून रोज संध्याकाळी तेच तुतीच्या फांद्या कापून शेडच्या दाराशी आणून टाकत होते.

मी पोचले त्या रात्रीच बहुतेक किडे झोपेतून उठले. ही झोप म्हणजे काय, ते मला कुठे माहीत होतं. किडा डोकं वर उचलून दिवसभर तसाच राहतो, पाल्याला तोंड लावत नाही, मग जुनी कातडी टाकतो आणि अशा भुकेनं खातो की बघत राहावं. असं चार वेळा. चौथ्या झोपेनंतर आठवडाभर नुसतं खाणं, आणि मग कोष. शेडमध्ये शिरलं की वर्गातली पन्नास मुलं एकदम वहीत लिहायला लागावीत तसा बारीक आवाज यायचा. मी तासन् तास कान लावून बसायचे. काही किडे मागे राहिलेले होते, त्यांची चौथी झोप अजून लागायची होती. असे चाळीसेक किडे बहिणीनं वेगळ्या टोपलीत पडवीत ठेवले होते. त्यांना ती डाव्या हातानं ताज्या फांदीची पानं तोडून घालायची. एरवी मी तिला कशालाही हात लावू देत नव्हते. "तू सुम्ने बस. मला जमतं," मी म्हणायचे. सुम्ने म्हणजे उगी. 'जमतं' या शब्दावर मी जरा जास्तच जोर देत असणार.

पाला कसा ठेवायचा ते तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. खोलीत ढिला पसरायचा, भोवती ओलं गोणपाट टांगायचं, पाल्याला पाणी लागू द्यायचं नाही. मी अर्धंच ऐकलं. पान ताजं कसं ठेवायचं हे मला कुणी शिकवायचं? मैसूरच्या घरातली बाई मी. विड्याचं पान आमच्याकडे रोज लागतं, आणि ते कसं ठेवतात हे मी परकरात होते तेव्हापासून बघत आले आहे. पान पाण्यातून काढायचं, देठ एका बाजूला लावून गड्डी करायची, ओल्या पांढऱ्या फडक्यात घट्ट गुंडाळायची. आठवडाभर पान हिरवंगार. मी अण्णांनी आणलेल्या फांद्यांची पानं ओरबाडली, त्यांवर पाणी मारलं, बहिणीच्या दोन जुन्या पांढऱ्या लुगड्यांत त्यांचे मोठमोठे गठ्ठे आवळून ठेवले. बाहेर पावसाची झिमझिम, खोलीत गठ्ठे. सकाळी उघडले की पानं कशी चकचकीत दिसायची. मला माझंच कौतुक वाटायचं.

चौथ्या दिवशी सकाळी शेडमध्ये गेले तर आवाज नव्हता.

पहिल्यांदा वाटलं, मलाच ऐकू येईना. मग वाकून पाहिलं. पहाटे घातलेला पाला तसाच होता आणि किडे त्याच्याखाली होते. एरवी ताजा पाला पडला की घटकाभरात सगळे वर चढून बसायचे, आज कुणी चढलंच नव्हतं. काही डोकं उचलून स्तब्ध. मला वाटलं झोपले. मी बहिणीला हाक मारून हौसेनं म्हटलं, "अगं, परत झोपेत गेले बघ." ती दारातच थांबली. म्हणाली, "अक्का, चार झोपा झाल्या. पाचवी नसते."

ती एकेक मांडणी बघत गेली. एक किडा उचलून तळहातावर घेतला. हाताला घट्ट लागणारं अंग पिलपिलीत झालं होतं, तोंडाला पाणी सुटलं होतं. मी दुसरा घेतला. त्यानं पानाची कड जबड्यात धरली होती, पण कातरत नव्हता. नुसता धरून होता. मी बोटानं हलवलं तर त्यानं पान सोडलंही नाही. संध्याकाळपर्यंत पहिले काळे पडले आणि शेडला वास यायला लागला.

"होगेसोप्पु," बहीण म्हणाली. म्हणजे तंबाखू. तिकडे पहिला संशय तंबाखूवरच जातो. तंबाखूचं पान तोडणाऱ्याच्या हाताला चीक लागतो, तो साबणानं धड जात नाही, आणि तुतीच्या पानाला लागला तर किडा मरतो, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि आमच्या तुतीच्या फांद्या रोज कोण कापून आणत होतं? अण्णा संध्याकाळचा भारा घेऊन बांधावर आले तेव्हा बहीण त्यांना म्हणाली, "अण्णा, उद्यापासून नका आणू." एवढंच. मी थोडीच गप्प बसणार. माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. मी कन्नडमध्ये म्हटलं, "तंबाखूचे हात घेऊन दुसऱ्याच्या घरात शिरताना लाज वाटायला हवी होती. माझ्या बहिणीचा घास तुम्ही घालवलात." त्यांनी भारा खाली ठेवला. आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. "साबणानं धुऊनच येत होतो, अम्मा," म्हणाले. मी म्हटलं, "दिसतंय धुतलेलं." ते भारा तिथेच टाकून गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे किडे खड्ड्यात टाकून वर चुना घातला. पडवीतल्या टोपलीतले किडे आता गाढ झोपेत होते, म्हणून तेवढे वाचले होते. बहीण त्यांनाही टाकणार होती. मी म्हटलं, "बेडा, टाकू नको, मला दे." वीस किडे खोक्यात घालून मी मैसूरला आणले. पुण्यबिण्य काही नाही. मला किडा जेवताना परत बघायचा होता.

घरी नवऱ्यानं खोकं उघडून पाहिलं आणि म्हणाला, "हे कोण पाहुणे? यांना रवा चालतो का?" मग त्याला अवदसा आठवली. दहा तुझे, दहा माझे, बघू कुणाचे आधी कोष विणतात. बुटांची दोन खोकी घेतली. मागच्या घरातलं तुतीचं झाड आमच्या भिंतीवर वाकलंय, पाल्याचा प्रश्न नव्हता. मी रीतसर कामाला लागले. एकदम दोन दिवसांचा पाला काढायचा, पाणी मारायचं, फडक्यात आवळायचा. नवऱ्याला कसली रीत? सकाळी भिंतीवरून हात घालून चार पानं ओरबाडायची, ओली असली तर लुंगीला पुसायची आणि खोक्यात टाकायची. संध्याकाळी परत तेच. मी त्याला म्हटलं, "अशानं मरतील." तो म्हणाला, "बघू."

तिसऱ्या दिवशी माझं खोकं गप्प झालं.

या वेळी मी समोर होते, सगळं पाहिलं. दहातले तीन सकाळी पानावर चढलेच नाहीत. बाकीचे चढले, पण दोन घास खाऊन थांबले. नवऱ्याच्या खोक्यात पान पडलं की किडे डोकी इकडेतिकडे फिरवून कड शोधायचे आणि वरून खाली कातरत जायचे. माझे डोकं फिरवेनात. केसाच्या टोकानं टोचलं तर त्याचे किडे लगेच अंग आखडायचे, माझे उशिरानं, जड झाल्यासारखे. वाण्याच्या दुकानातलं भिंग आणून मी पाहत बसले. स्वयंपाक झाला नाही. किडा आजारी आहे हे त्याला कळतं का? खावंसं वाटत नाही म्हणून खात नाही, की खायला लागला तरी गिळवत नाही? की आतलं कुणी त्याला खाऊ देत नाही?

आमच्या ओळखीच्या एक बाई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या, आता सकाळी फिरायला भेटतात. त्यांना मी रस्त्यातच गाठलं आणि सगळं वर्णन केलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "वळवळले का?" मी म्हटलं, "नाही." "डोकं झटकत होते? ओकून ओकून आक्रसले?" "नाही हो, नुसते पडून राहिले." त्या म्हणाल्या, "मग तंबाखू नव्हे. तंबाखूनं किडा तडफडतो, आणि तेही लगेच. जो हळूहळू अन्न टाकतो, मलूल होतो, सैल पडतो, त्याच्या पोटात जिवाणू वाढलेले असतात. ते थोडेफार सगळ्यांच्या पोटात असतातच. ताजा, कोरडा पाला मिळाला तर ते आवरलेले राहतात. ओला पाला, गठ्ठ्यात तापलेला पाला पोटात गेला की त्यांचं फावतं."

मी विचारलं, "मग खाणं तो थांबवतो की ते थांबवतात?"

त्या खूष झाल्या. म्हणाल्या, कॉलेजात हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. काही किडे आजारात आपण होऊन लंघन करतात, कारण अन्न पचवायचं आणि आजाराशी लढायचं हे दोन्ही एकदम झेपत नाही. आणि काही वेळा आतडंच निकामी होतं, मग इच्छा असून चालत नाही. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. "तुमच्या किड्यांचं कुठलं होतं ते मला तुमच्या सांगण्यावरून सांगता येणार नाही," म्हणाल्या. ही बाई मला फार आवडते, माहीत नसलेलं माहीत नाही म्हणते.

घरी आले आणि दोन खोक्यांसमोर बसले. एकाच टोपलीतले किडे, एकच झाड, एकच घर, मैलभर परिसरात तंबाखूचं झाड नाही. फरक फक्त ओल्या फडक्याचा. मी फडकं उघडून आत हात घातला. मधल्या पानांना ऊब आली होती, बोटांना बुळबुळीत लागलं. बहिणीकडे मी असेच गठ्ठे घालत होते, दिवसातून पाच वेळा, मोठ्या कौतुकानं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या मी बांधावर उभी राहून मारल्या होत्या. नवऱ्याला सांगितलं. एरवी त्यानं सात दिवस चिडवलं असतं. तो म्हणाला, "उद्या सकाळच्या बसनं जा."

त्या रात्री मला एक विचार सतावत होता, आणि तो मी इथे लिहितेच. सांगितलं नाही तर कुणालाही कळणार नव्हतं. बहीण पुन्हा शेड धुऊन नवीन किडे आणणार, स्वतः पाला घालणार, सगळं ठीक होणार. 'तुला जमायचं नाही' हे तिचं खरं ठरवायला मी आपल्या पायांनी कशाला जायचं? पण मग शेजारच्या त्या म्हाताऱ्याचं नाव कायमचं खराब राहणार होतं, आणि रात्री काही झालं तर माझ्या बहिणीनं हाक मारायची कुणाला?

सकाळी बसमधून उतरून मळ्याच्या वाटेला लागले तर अण्णांच्या शेताची कड उघडी दिसली. बांधालगतच्या चार ओळी नव्हत्या. मागच्या खेपेला छातीपर्यंत उंच पाहिलेली, पहिली तोडणीही पुरती न झालेली तंबाखू मुळासकट उपटून एका बाजूला ढीग घातला होता. पानं वाळायला लागली होती.

बहीण शेडमध्ये डाव्या हातानं चुना मारत होती. मी बसले नाही, पाणीही घेतलं नाही, उभ्या उभ्या सांगून टाकलं. फडकं, गठ्ठे, दोन खोकी, प्राणिशास्त्राच्या बाई, सगळं. ती ब्रश बादलीत बुडवत राहिली. मग म्हणाली, "माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"तू गेल्यावर पाल्याची खोली झाडली. लुगडी तशीच आवळलेली होती. हात घातला, ऊब लागली."

"मग फोन का नाही केलास? त्यांना जाऊन का नाही सांगितलंस? त्यांनी चार ओळी उपटल्या की गं."

"मी थांबवायला गेले होते. ऐकेनात." ती माझ्याकडे बघत नव्हती. "अण्णा रुसले तर चार दिवस रुसतील अक्का. मी भाजी घेऊन गेले की बोलतील. तुला सांगितलं असतं, तर तू परत आली असतीस?"

मला खोटं बोलता आलं असतं. मी नाही म्हटलं. नसतेच आले. फोन नवऱ्याच्या हातात दिला असता आणि मेले असते तरी आले नसते. तिनं मान हलवली आणि चुना मारायला लागली. मला रडू आलं, आणि तिचाही राग आला, कारण माझ्यासाठी म्हणून तिनं दुसऱ्याच्या माथी आळ राहू दिला होता. दोन्ही तिला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "चूकच आहे माझी. चल, मीही येते."

अण्णा घराच्या पायरीवर बसून वाटाणा सोलत होते. मला बघून उठायला लागले, मी बसा म्हटलं. कन्नडमध्ये सांगितलं. पाणी मी मारलं, गठ्ठे मी आवळले, किडे माझ्या हातानं मेले, आणि बोलले मी तुम्हाला. सोपं करून, एकेक वाक्य सांगितलं. बहिणीनंही आपलं सांगितलं. मला वाटलं होतं ते चिडतील, चार शब्द सुनावतील. मी ऐकून घ्यायच्या तयारीनं गेले होते, जन्मात पहिल्यांदाच.

ते म्हणाले, त्या दिवसापासून ते हात राखेनं घासत होते, भात चमच्यानं खात होते. बेंगळूरहून नातू येणार होता, तर त्याला येऊ नको म्हणून कळवलं होतं. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे माझ्या हातानं नाही?"

मी म्हटलं, "नाही अण्णा."

त्यांनी मांडीवरची शेंगांची सुपली बाजूला ठेवली. बहिणीकडे वळून विचारलं, "माझ्या हातानं नाही ना, मगळे?" मगळे म्हणजे लेकी. ती नाही म्हणाली. मग पुन्हा माझ्याकडे बघून त्यांनी तेच विचारलं, आणि मी पुन्हा तेच उत्तर दिलं.